बंदुकीवरून घरात अबोला

प्रश्न: यावलकडे आमची केळीची बाग, रानडुकरं भलती नासधूस करतात म्हणून भाऊ बंदुकीचं लायसन काढायचं म्हणतोय, अमेरिकेतला मेहुणा म्हणतो बंदूक हा हक्कच असतो, घरात लहान पोरं म्हणून मी नको म्हटलं तर दोघंही बोलेनात.

उत्तर: दादा, अमेरिकेत तो हक्क १७९१ पासून राज्यघटनेत आहे, आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने लायसन लागतं, अन् ते मिळालं तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळीच. पण नुकसान भावाचंही झालंय हो, आधी ते ऐकून घ्या, भरपाईचा अर्ज दोघं मिळून करा, बांधाला तारेतून विजेचा हलका झटका देऊन जनावरं पळवणारं झटका मशीन लावून बघा. पोरांची भीती मला अगदी खरी वाटते, ती रागात नको, शेतात सोबत भाकरी खाताना सांगा. मेहुण्याशी फोनवर वाद नकोच.