तळ्याच्या बांधाला ओल आली, काय करू?

प्रश्न : आमच्या कृषी पर्यटन केंद्रात नौकाविहारासाठी 6 मीटर उंचीचा मातीचा बांध आहे. यंदा पायथ्याशी ओल दिसते. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावली आहे. सरकारी तपासणी होते का?

उत्तर : धरण सुरक्षा कायदा, 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, 10 ते 15 मीटरच्या धरणांना लांबी, साठा असे निकष लागतात. तुमचा बांध त्यात बसत नाही. पाहणी तुम्हालाच करावी लागेल.

जाळी आजच काढा. पेनसिल्व्हेनियातला साउथ फोर्कचा मातीचा बांध श्रीमंतांच्या मासेमारी क्लबकडे होता. सांडव्यातल्या जाळ्या कचऱ्याने तुंबल्या. पाणी सोडायचे तळाचे पाइप तर आधीच काढलेले. 31 मे 1889 रोजी पाणी माथ्यावरून गेले, बांध फुटला आणि 2,209 माणसे गेली.

आता ओल. झिरपा चरात गोळा करून काचेच्या बाटलीत धरा. पाणी नितळ असेल तर 10 लिटरची बादली किती वेळात भरते ते रोज लिहा. बाटलीच्या तळाशी माती बसली, तर बांध आतून पोखरतो आहे. झिरप्याचे तोंड सिमेंटने मुळीच बुजवू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. त्या तोंडावर आधी जाड वाळू, वर खडी, त्यावर दगड रचा. पाणी जाते, माती अडते. लगेच खालच्या वस्तीला सावध करा, धरणाचा अनुभव असलेला अभियंता बोलवा. पातळी हळूहळू उतरवा, एकदम उतरवल्यास तळ्याकडचा ओला उतार घसरतो.