ट्रेमोलोच्या ठेक्यावर बोलू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, सोबतचं रेकॉर्डिंगही ऐकलं. ट्रेमोलो, म्हणजे गिटारचा आवाज ठेक्यात कमीजास्त करणारा इफेक्ट, चालू ठेवून एक कॉर्ड लांबवायची आणि तिच्या ठेक्यावर एकेक अक्षर बसवत बोलायचं, म्हणजे तोतरेपणाने शब्द अडकत नाही, हे तू आपलं आपण शोधून काढलंस याचं कौतुक वाटलं. ‘ताई, स्टेजवर गाण्यांची ओळख अशीच करून दिली तर?’ असं विचारलंयस, आणि त्यासाठी टॅप टेम्पोवालं, म्हणजे ठोके देऊन वेग ठरवता येणारं, कोणतं पेडल घ्यावं हेही.

पेडल घे. त्याच्या ठेक्यावर बोलू मात्र नकोस. का ते सविस्तर लिहिते, कारण तुझ्या वयात कुणी नुसतं ‘नको’ म्हटलेलं मीही ऐकलं नसतं.

युक्ती खरी आहे, यात वाद नाही. मेट्रोनोमच्या टकटकीवर अक्षर अक्षर बोललं की आपल्यासारख्या बहुतेकांचं अडखळणं थांबतं, हे फार जुनं निरीक्षण आहे. गाताना आपण सहसा अडत नाही, चारचौघांबरोबर एका सुरात काही म्हणताना अडत नाही, त्यातलाच हा प्रकार. त्याचं एक कारण असं मानतात की बोलण्याच्या हालचालींना ‘आता’ असा इशारा देणारी मेंदूतली यंत्रणा आपल्यात जरा बेभरवशाची असते आणि बाहेरून ठेका मिळाला की तिच्यावरचा भार हलका होतो. तोतरेपणा भित्रेपणातून येत नाही आणि घरचे रागावले म्हणूनही येत नाही. मेंदूच्या जडणघडणीतला तो फरक आहे. बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात दिसू लागतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाजणाला तो असतो. हे तुला ठाऊक असेलच. तुझ्या बँडमधल्या पोरांना ठाऊक नसेल, त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव.

आता ठेक्याचा हिशोब बघ. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके असतील तर, एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला दोन. ‘पुढचं गाणं आम्हीच लिहिलंय’ हे वाक्य बोलताना त्याचे नऊ तुकडे पडतात. ठोक्याला एक तुकडा धरला तर साडेचार सेकंद लागतात. एरवी हेच वाक्य दोनेक सेकंदांत बोलून होतं. पेडलचा वेग दुप्पट केलास, म्हणजे सेकंदाला चार, तर बोलणं जवळपास नेहमीच्या चालीवर येतं. पण प्रत्येक अक्षर सारख्या लांबीचं, सारख्या वजनाचं. ‘आम्हीच’मधल्या ‘च’वर तू एरवी किती रुबाबात जोर देतोस! रेकॉर्डिंगमध्ये तो जोर पार नाहीसा झालाय. थट्टा नाही, वस्तू विकणाऱ्या यंत्राने सूचना द्याव्यात तसं ऐकू येतं. आणि पेडल बंद केल्यावर, वायर गुंडाळताना कुणी येऊन नाव विचारलं की तू परत होतास तिथेच. ठेक्याने दिलेला मोकळेपणा ठेका थांबला की फार काळ टिकत नाही.

ऑल्व्हिन लुसिए हे अमेरिकन संगीतकार आपल्यातलेच, अडखळत बोलणारे. १९६९ मध्ये त्यांनी एका खोलीत बसून स्वतःचं बोलणं टेपवर घेतलं, ती टेप त्याच खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड केली, मग ते रेकॉर्डिंग पुन्हा वाजवून पुन्हा. दर फेरीत खोली ज्या सुरांना घुमते ते सूर बळावत गेले आणि शब्द विरत गेले. शेवटी नुसती गुंजणारी लाट उरते, बोलण्याची लय तेवढी तिच्यात शिल्लक. आपल्या बोलण्यातले खाचखळगे घासून सपाट करण्याचा हा एक मार्ग आहे, असं ते त्या बोलण्यातच सांगून टाकतात. सुरुवातीच्या शब्दांत त्यांचं अडखळणं स्वच्छ ऐकू येतं, तेही नेमकं ‘रिदम’ या शब्दावर. ही रचना तू जरूर ऐक. अडखळणं पुसलं जातं तोवर शब्दही पुसले गेलेले असतात. लुसिएंना तेच हवं होतं. तुला मात्र लोकांना गाण्याचं नाव सांगायचंय.

आता पेडल, निव्वळ पेडल म्हणून.

ट्रेमोलो आवाजाचा मोठेपणा कमीजास्त करतो, सूर जागच्या जागी राहतो. (गिटारच्या ब्रिजला जोडलेल्या दांडीलाही ट्रेमोलोच म्हणतात, पण ती सूर हलवते. पेडल निवडताना त्यात गोंधळू नकोस.) इलेक्ट्रिक गिटारच्या इफेक्ट्समध्ये हा सगळ्यात म्हाताऱ्यांपैकी एक. १९४०च्या दशकात डीआर्मंड कंपनीचा एक डबा निघाला होता. त्यात एक छोटी मोटर वीजवाहक द्रव भरलेली काचेची कुपी हलवायची, आणि द्रव हेलकावला की सिग्नलचा काही भाग ग्राउंडला जायचा. त्यामुळे आवाज बुडायचा आणि वर यायचा. गिटारवादक बो डिडली यांनी तो वापरला. मग १९५५ मध्ये फेंडर कंपनीचा ट्रेमोलक्स अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आला आणि फेंडरच्या अँपमध्येही ही सोय बसली.

आज पेडल विकणारे ‘बायस’, ‘ऑप्टिकल’, ‘हार्मोनिक’ असे शब्द फेकतात ते त्या जुन्या अँप्सवरूनच आलेत. बायस पद्धतीत अँपच्या पॉवर ट्यूबचा बायस, म्हणजे तिचं काम ठरवणारं व्होल्टेजच, हलवलं जातं, त्यामुळे चढउतार गोल, मऊ येतो. त्यातली खुमारी अशी की जोरात वाजवलंस तर थरथर मागे सरते आणि स्वर विरू लागला की पुढे येते. ऑप्टिकलमध्ये एक निऑन दिवा लुकलुकतो आणि त्यासमोरचा प्रकाशसंवेदी रेझिस्टर आवाज उघडझाप करतो. तो जरा कापल्यासारखा, उठावदार वाटतो. हार्मोनिक हा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या फेंडर अँप्समधला. त्यात खालचे आणि वरचे सूर वेगळे करून आलटूनपालटून बुडवतात, म्हणून आवाज थोडा फिरल्यासारखा भासतो.

तू बोटांनी वाजवतोस, तारा उघड्या ठेवतोस, स्वर मरेपर्यंत थांबतोस. तुला बायसच्या चालीचं पेडल शोभेल. त्यात दोन गोष्टी बघून घे. एक, व्हॉल्यूमचा स्वतंत्र नॉब. डेप्थ, म्हणजे आवाज किती खोल बुडतो ते, वाढवली की सरासरी आवाज घटतो, आणि पेडल दाबल्याबरोबर तू ड्रम्सच्या मागे गायब होतोस. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या गाण्यात हेच झालंय. नॉब असेल तर थोडा चढवून ठेवता येतो. दुसरी, वेव्हचा नॉब, म्हणजे त्रिकोणी लाटेपासून चौकोनी लाटेपर्यंत जाता येतं. बॉस कंपनीच्या टीआर-२ पेडलवर रेट (वेग), वेव्ह आणि डेप्थ एवढेच तीन नॉब आहेत, आणि ट्रेमोलो समजून घ्यायला ते तीन पुरतात.

टॅप टेम्पोचं म्हणशील तर माझ्या मते त्याचं माहात्म्य जरा जास्तच वाढलंय. चौकोनी लाट आणि डेप्थ पूर्ण असेल तर ठेका ड्रम्सशी जुळायलाच हवा, नाहीतर गाणं लंगडतं. पण मऊ लाट, डेप्थ निम्म्याच्या आसपास आणि संथ गाणं असेल तर पेडल टेम्पोशी तंतोतंत न जुळलेलंच बरं. दर कडव्यात बुडण्याची जागा थोडी सरकते आणि तोच कॉर्ड्सचा क्रम शिळा वाटत नाही. बोलण्यासाठी टॅप टेम्पो हवा होता, ते कारण आता उरलं नाही. वाजवण्यासाठी हवा असेल तर घे, नसेल तर साधं पेडल पुरे.

पेडलांच्या जोडणीत डिस्टॉर्शनच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) नंतर लाव. रिव्हर्बच्या (घुमारा देणाऱ्या इफेक्टच्या) आधी ठेवलंस तर रिव्हर्ब मधल्या फटी भरून काढतो, नंतर ठेवलंस तर रिव्हर्बची शेपटीही कापली जाते. दोन्ही करून बघ, मी सांगण्यात अर्थ नाही.

‘तुझा आवाज आणि तुझं पेडल एकच आहे’ असं कुणीतरी तुला म्हणेल. पोस्टरवर छान दिसतं ते. मला पटत नाही. पेडलमधली फट ठरल्या वेळी येते आणि ठरल्या वेळी संपते, म्हणून ऐकणारा निवांत असतो. आपला शब्द किती वेळ अडेल हे आपल्यालाही सांगता येत नाही, आणि त्या अनिश्चिततेतच समोरच्याची चुळबुळ सुरू होते. शिवाय पेडल पायाने बंद होतं. गिटारला गिटार राहू दे. बी. बी. किंग आणि बिल विदर्स हे गायकही अडखळायचे, हेही तुला ऐकवतील. खरं आहे ते, पण त्याने माइकसमोर तुझं नाव तुझ्या तोंडून बाहेर पडत नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला दिसली. तू पाठवलेल्या यादीतली सगळी गाणी ‘अ’, ‘आ’ नाहीतर ‘स’ने सुरू होतात. ‘क’ आणि ‘प’वर तुझी गाडी अडते हे तूच मला मागे सांगितलं होतंस. शब्द टाळायची सवय अशी शीर्षकांपर्यंत पोचते. मग ती फोन टाळते, नको असलेला पदार्थ मागवते कारण हव्या असलेल्याचं नाव अवघड असतं, आणि बाहेरून मात्र माणूस अगदी सफाईदार बोलतोय असं वाटतं. तोतरेपणाचे अभ्यासक जोसेफ शीहन यांनी १९७०मध्ये यासाठी हिमनगाची उपमा वापरली. ऐकू येणारं अडखळणं म्हणजे वरचं टोक, आणि पाण्याखाली भीती, लाज आणि ही टाळाटाळ. शीहन स्वतःही अडखळत बोलत. म्हणून पुढच्या गाण्याचं नाव ‘क’ने सुरू होणारं ठेव. गाण्याला शोभत असेल तरच, अर्थात.

मंचावरच्या काही गोष्टी मात्र आधी ठरवून घे.

साउंड चेकला ‘चेक, वन, टू’ म्हणू नकोस, स्वतःचं नाव सांग. साउंड इंजिनिअरला तिथेच सांग की मधेमधे मी पूर्ण गप्प झालो तरी माइक चालू आहे, फेडर (आवाज कमीजास्त करणारी पट्टी) हलवू नका. तोंड उघडं आणि आवाज नाही असं दिसलं की त्याला वाटतं माइक गेला. तो आवाज चढवतो, तेवढ्यात तुझा शब्द सुटतो आणि स्पीकर किंचाळतो. माइकवर गेट, म्हणजे हलका आवाज बंद करणारी सोय, लावलेला असेल तर तो काढायला सांग, नाहीतर तू हलकेच सुरू केलेला ‘प’ गेट गिळून टाकेल. बँडमधल्या कुणीही तुझं वाक्य पूर्ण करायचं नाही आणि तू अडलास म्हणून ड्रमरने रोल वाजवायचा नाही, हेही आधीच सांगून टाक.

पहिल्या गाण्यानंतर लोकांना एकदा सांग: ‘मी अडखळत बोलतो. मधे थांबलो तर थोडं थांबा, वाक्य पूर्ण होईल.’ बस. ‘माफ करा’ हे शब्द त्यात नकोत. संशोधनातही असं दिसलंय की तोतरेपणाबद्दल माफीच्या सुरात बोलण्यापेक्षा साधी माहिती दिली तर ऐकणाऱ्यांचं मत अधिक चांगलं होतं. सांगून टाकल्याचा फायदा त्यांच्यापेक्षा तुलाच जास्त. लपवण्यात जी शक्ती जाते ती वाचते.

शब्द अडकलाच तर मागे फिरून दुसरा शोधू नकोस, ढकलूही नकोस. आहे तिथेच थांब, ओठांतला ताण सैल कर आणि तोच शब्द सावकाश सोड. त्या वेळी नजर खाली पेडलबोर्डकडे जाईल, ती समोर ठेव. स्पीच थेरपिस्ट चार्ल्स व्हॅन रायपर यांनी लोकप्रिय केलेला आणखी एक सराव आहे: सोप्या अक्षरावर मुद्दाम, सहज अडखळायचं. ‘न-न-नमस्कार’. विचित्र वाटतं, पण आपण होऊन केलेल्या गोष्टीची भीती हळूहळू बोथट होते. हे एकट्याने रेटण्यापेक्षा तोतरेपणाचा अनुभव असलेल्या स्पीच थेरपिस्टबरोबर शीक. आणि पहिल्याच भेटीत ‘पूर्ण बरं करतो’ असं म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस.

मुद्दाम गाण्यात, रचनेचा भाग म्हणून ठेक्यावर बोलायचं असेल तर खुशाल बोल, त्याला माझी काही हरकत नाही. फक्त निवेदन करताना पेडल बंद असू दे आणि हात तारांवर दाबलेला असू दे.

पुढच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवशील तेव्हा गाण्यांमधला बोलण्याचा भाग कापू नकोस. आणि दुसऱ्या गाण्यात पेडल दाबल्यावर आवाज अजून घटतोय का, तेही कळव.

तुझी,
ताई