आधी दार लावून घे

अगं पोरी,

तुझं तीन पानी पत्र दोनदा वाचलं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या त्या आजींना, घरात छळ होणाऱ्या ज्येष्ठ-दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या तुझ्या टीमने घरातून काढून वृद्धाश्रमात ठेवलं आणि आता त्याच आजी ‘मला घरी सोडा’ म्हणून हट्ट धरून बसल्यात. तुझी समुपदेशक चिडली आहे, निकाली दाखवलेलं प्रकरण परत उघडलं कसं म्हणून साहेब विचारतायत, आणि तू मला विचारतेस, परत पाठवू का? पत्रात मुलाला दिलेलं घर परत मिळवायचं कलम २३ आहे, मुलाची दारू आहे, शेजारणीचा जबाब आहे, पोलिस ठाण्यातल्या हवालदारांचं मत आहे. आजींच्या तोंडचं वाक्य मात्र एकच. घर म्हणजे त्यांना नक्की काय हवंय, मुलगा, स्वतःची खाट, समोरची मैत्रीण की सही करून दिलेले कागद, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. मग परत पाठवायचं की नाही, हे मी दादरमध्ये बसून कसं सांगू?

ज्याचं प्रकरण आहे त्या माणसाशी एकट्यात बोल. दार लावून घे. मुलगा नको, सून नको, शेजारीण नको, हवालदार नको. ‘तुम्हाला काय हवंय?’ एवढं विचार आणि गप्प बस. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा वेळ मोबाइलकडे बघू नकोस.

दार लावायला दार कुठे आहे, असं म्हणशील. खरंय. लालबागच्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं होती. गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेले एक काका माळ्याखाली बसलेले, आणि मी काहीही विचारलं की उत्तर मुलगा द्यायचा. ‘बाबांचं सगळं मीच बघतो.’ मी म्हटलं, काका, मला जरा रेशनचं दुकान दाखवता का? जिन्याच्या वळणावर ते थांबले, कठड्याला धरलं आणि म्हणाले, ‘पोराला आत टाकू नका. माझं पासबुक तेवढं मिळवून द्या.’ पेन्शन जमा व्हायची, एटीएम कार्ड मुलाकडे, आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबरही मुलाचा. पैसे निघाल्याचा मेसेज काकांना कधी दिसणारच नव्हता. आम्ही बँकेत जाऊन नंबर बदलला, जुनं कार्ड बंद केलं, पासबुक भरून घेतलं. तक्रारअर्जावर शेजाऱ्यांनी लिहिलं होतं ‘मारहाण व उपासमार’. मारहाण होत होती, हे काकांनी नंतर सांगितलं. पण पहिलं पासबुक. ते हातात आल्यावर त्यांचा आवाज बदलला, आणि मुलाचाही.

तेव्हा चाळीत जिना शोध, गच्ची शोध, पालिकेचा दवाखाना, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, देवळाचा पार, काहीही शोध. ऐकू येत नसेल तर पाटीवर लिहून विचार. कानाचं यंत्र, चष्मा, कवळी हाताशी आहेत की कपाटावर ठेवलीत, हे बघ. औषधाच्या पट्टीतल्या किती गोळ्या तशाच आहेत, हे बघ. स्मृतिभ्रंश असला तरी विचार. कागदपत्रांचा निर्णय ती बाई घेऊ शकणार नाही कदाचित, पण भीती कुणाची वाटते हे तिला नक्की सांगता येतं.

आता तुझं कलम २३. मुंबईतलं निम्मं भांडण खोलीचं असतं, आणि पुनर्विकासाची नोटीस लागली की त्याला धार येते. आपल्याकडे राहतं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायला मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. सही अर्ध्या तासात होते. ती रद्द करून घ्यायची तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं होतं, हे पुढे यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती अट दाखवावीच लागते असं म्हटलं आणि जानेवारी २०२५ च्या निकालात या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावा असं सांगितलं. पण ती अट कधी बोलली गेली, कुणासमोर, कुठल्या शब्दांत, हे आजींशिवाय कोण सांगणार? शेजारीण? म्हणून म्हणते, आधी एकट्यात बोल.

आणि त्यांना घर नकोच असेल, महिन्याचा खर्च हवा असेल, तर त्याच कायद्याखालच्या न्यायाधिकरणात अर्ज कर. मर्यादा महिना १०,००० रुपये आहे, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. अर्ज करण्याची ताकद त्यांच्यात नसेल तर त्यांच्या वतीने दुसऱ्याला करता येतो, न्यायाधिकरणाला आपणहूनही दखल घेता येते. हे तुला पाठ आहे, मला माहीत आहे. तुझी टीम मात्र उत्तर आधी ठरवते आणि प्रश्न मागून विचारते.

दुसरी गोष्ट, सुनेबद्दल. तुझ्या पत्रात ‘सून त्रास देते’ असं तीनदा आलंय, तिला कुणी भेटल्याचं एकदाही नाही. आईला पुढे करून बायकोला घराबाहेर काढणारे मुलगे मी पाहिलेत. ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा राहत्या घरातला हक्क असा झटपट बुडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलंय. त्या घरात संरक्षण लागणारी माणसं दोन असू शकतात. तिच्याशीही एकट्यात बोल, वेगळ्या दिवशी.

छळ होणारा माणूस दिव्यांग असेल तर दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं कलम ७ आहे, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर बालंट येत नाही. मानसिक आजारी माणसाला घरात कोंडून ठेवलं असेल तर मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याचं कलम १०१. खाती वेगवेगळी आहेत, ज्येष्ठ एका विभागाकडे, महिला दुसऱ्याकडे, दिव्यांग तिसऱ्याकडे. त्यामुळे ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणणं फार सोपं होऊन बसलंय. तुझ्या टीममध्ये ते वाक्य चालू देऊ नकोस.

जीवावर बेतलं असेल तर काय, असं तुझी समुपदेशक विचारेल. तर उचलायचं, ११२ ला फोन, थेट रुग्णालय. तिथे वाद नाही. पण तो अधिकार त्या रात्रीपुरता. सकाळी रुग्णालयातला पडदा ओढून घे आणि विचार. आठवडाभराने नव्हे. तुमचं गाडं तिथे अडलं. काढलं हे बरोबर केलंत, त्यानंतर कुणी आजींच्या शेजारी बसलं नाही.

मी तुझ्या खुर्चीत होते तेव्हा माझ्यावर विलंबाचा ठपका आला होता, ते तू कुणाकडून तरी ऐकलंयस. कारणे दाखवा नोटीस आली, मी उत्तर दिलं आणि काम तसंच चालू ठेवलं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीशिवाय मी प्रकरण बंद करत नव्हते, आणि आजही त्या खुर्चीत बसवलंत तर करणार नाही. पहिल्या भेटीत माणूस तुम्हाला जोखत असतो. दुसऱ्या भेटीत बोलतो. आढावा बैठकीत आकडा कमी दिसला तर दिसू दे. एक रुखरुख मात्र आहे. आपल्या गृहभेटीच्या अहवालात नातेवाइकांच्या जबाबाला रकाना होता, शेजाऱ्यांच्या होता, त्या व्यक्तीच्या स्वतःच्या शब्दांना नव्हता. मी समासात हाताने लिहीत राहिले, पण तो रकाना छापून घ्यायचं माझ्याच्याने झालं नाही. तू करून घे. तोवर बैठकीत प्रत्येक प्रकरणाला पहिला प्रश्न एकच ठेव: ती काय म्हणाली? कुणी कलम सांगायला लागलं तर थांबव.

आजींकडे तू स्वतः जा, समुपदेशकेला बरोबर ने, पण बोलताना वृद्धाश्रमाच्या अधीक्षकांना बाहेर बसव. परत जायचंच म्हणाल्या तर जाऊ देत. मात्र पासबुक आणि आधार कार्ड कुठे राहील, रोज कोण डोकावेल, ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ ला, फोन कुणाच्या मोबाइलवरून करता येईल, हे त्यांच्याबरोबर बसून ठरव. आधीच्या पोलिस ठाण्यात त्या घरी परतल्याची लेखी नोंद दे.

आणि तुझ्या त्या कंत्राटी समुपदेशकेचं प्रवासबिल अडकलंय म्हणतेस, ते याच आठवड्यात काढून घे, साहेबांच्या दाराशी बसावं लागलं तरी बस. भेटीला जाणाऱ्या मुलीला रिक्षाचे पैसे पदरचे घालावे लागले, तर पुढच्या वेळी ती फोनवरच चौकशी उरकेल. आणि त्या घरात फोन कोण उचलतं, ते तुला ठाऊक आहे.

तुझी,
ताई