वाचक विचारतात : क्रीम, प्रमाणपत्र आणि परवाना

प्रश्न : मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले असून ऐरोलीला राहते. सौंदर्यप्रसाधने तयार करण्याचा तीन महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केल्यापासून मी कोरफड आणि गुलाबपाणी घालून क्रीम घरी बनवते व ओळखीच्यांना विकते. ते टिकावे म्हणून त्यात व्हिटॅमिन ई घालते, तरीही या पावसाळ्यात तीन डब्यांत काळे ठिपके दिसले. माझे काय चुकले? या प्रमाणपत्रावर महापे-रबाळ्याच्या एखाद्या कंपनीत प्रयोगशाळेची नोकरी मिळेल का?

उत्तर : काळे ठिपके बहुधा बुरशीचेच आहेत. ते डबे आधी टाकून द्या, त्याच बॅचचे क्रीम ज्यांना दिले असेल त्यांच्याकडून परत मागवा आणि मग पुढचे वाचा.

व्हिटॅमिन ई तेल खवट होण्याचा वेग कमी करते. जिवाणू आणि बुरशी यांना रोखणे हे त्याचे कामच नव्हे. आजीचे उटणे वर्षभर टिकते त्याचे मुख्य कारण ते कोरडे असते हे आहे, वनस्पतींचा एखादा गूढ गुण नव्हे. तुमच्या क्रीममध्ये मात्र पाण्याचा भाग मोठा असणार, आणि कोरफडीचा गर म्हणजे बुरशीला आयते वाढलेले ताट. अशा क्रीमला प्रिझर्व्हेटिव्ह लागतेच, मग डब्यावर ‘केमिकल-फ्री’ लिहिण्याचा मोह कितीही होवो. (पाणीही केमिकलच आहे, हे बी.एस्सी. झालेल्या वाचकाला सांगायला नको.) पण बाजारातून सोडियम बेंझोएट आणून चिमूटभर टाकले की सुटलो, असेही होत नाही. त्यापासून तयार होणारे बेंझोइक आम्ल आम्लधर्मी माध्यमातच, म्हणजे सामू साधारण पाचच्या खाली असतानाच, नीट काम करते. क्रीमचा सामू सातच्या आसपास असेल तर ते डब्यात असून नसल्यासारखे. म्हणून कारखान्यात उत्पादनात मुद्दाम सूक्ष्मजीव सोडतात आणि ते किती वेगाने मरतात हे 28 दिवस मोजतात. या चाचणीला चॅलेंज टेस्ट म्हणतात. शिवाय 40 अंश सेल्सिअसला नमुने महिनोन्‌महिने ठेवून क्रीम फुटते का, म्हणजे त्यातले तेल आणि पाणी वेगळे होते का, रंग किंवा वास बदलतो का, हेही पाहिले जाते. यांतले काहीही घरच्या ओट्यावर होण्यासारखे नाही.

आता प्रमाणपत्राविषयी. तीन महिन्यांत कृती शिकवता येतात. तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळा 70 ते 75 अंशांपर्यंत तापवावा, दोन्ही एकत्र करून घुसळावेत आणि मिश्रण थंड होत आल्यावर सुगंध घालावा, हे कोणीही आठवड्याभरात शिकेल. मी उमेदवारांच्या मुलाखती घेत असताना कृती कधी विचारली नाही. ‘हेच क्रीम दोन महिन्यांनी फुटले तर प्रथम काय तपासाल?’ एवढेच विचारत असे. ज्याला 1949 साली विल्यम ग्रिफिन यांनी मांडलेली एचएलबी पद्धत (इमल्सिफायरची, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या द्रव्याची, पाण्याकडे आणि तेलाकडे असलेली ओढ अंकात मांडणारी) नुसती पाठ नसून समजलेली असे, तो निवडलेल्या तेलांना लागणारे मूल्य आणि इमल्सिफायरचे मूल्य जुळते का, घुसळण पुरेशी झाली का, सामू सरकला का, असे एकेक कारण बाजूला काढत जाई. तुमच्याकडे पदवीचा पाया आहे, त्यामुळे गुणवत्ता नियंत्रण विभागात सुरुवात मिळू शकते. मात्र ती पदवीच्या बळावर मिळेल, या प्रमाणपत्राच्या नव्हे. पुढे शिकायचे असेल तर ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधद्रव्ये आणि सौंदर्यप्रसाधने या विषयाच्या पदव्युत्तर पदविकेची चौकशी करा. 1933 साली स्थापन झालेली माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ही या क्षेत्रातली जुनी संस्था असून तेले, पृष्ठसक्रिय द्रव्ये (साबण, इमल्सिफायर यांसारखी) आणि सुगंधद्रव्ये यांचे उच्च शिक्षण तेथे मिळते.

विक्रीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगणे भाग आहे. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधने नियम यांनुसार विक्रीसाठी क्रीम बनवायला परवाना लागतो, आणि उत्पादनाची जागा राहत्या घरात किंवा घराला जोडलेली चालत नाही. स्वतःचा कारखाना नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपले उत्पादन बनवून घेण्यासाठी लोन लायसन्सची सोय आहे. ते मिळेपर्यंत विक्री थांबवा.

प्रश्न : मी रबाळ्याच्या एका कारखान्यात बारा वर्षे शाम्पू विभागात आहे. शिक्षण बारावी विज्ञान. नव्या पदवीधर मुलांना काम मीच शिकवतो, पण केमिस्ट म्हणून नेमणूक त्यांची होते. कायदा मला आडवा येतो का?

उत्तर : कायद्यापेक्षा कंपन्यांचे भरतीचे धोरण आडवे येते. उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक व्यक्तीसाठी फार्मसीच्या पात्रतेबरोबर बारावीला रसायनशास्त्र असणे हीदेखील पात्रता कायद्यात मानली गेली आहे. तरीही तुमच्या हाताला जे ठाऊक आहे त्याचे कारण तुम्हाला सांगता येते का, हे तपासून पाहा.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत तुर्भ्याच्या एका कारखान्यात एक बॅच पातळ राहिली. आमच्या जुन्या ऑपरेटरने नेहमीप्रमाणे आणखी मीठ घातले आणि शाम्पू घट्ट होण्याऐवजी पाण्यासारखा झाला. एसएलईएस (सोडियम लॉरिल इथर सल्फेट) या फेसकारकाच्या शाम्पूत मीठ घालत गेले की मायसेल, म्हणजे त्याच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके, लांब होऊन एकमेकांत गुंततात आणि दाटपणा वाढतो; पण एका टोकानंतर तेच मीठ ती गुंतागुंत सैल करते. त्या दिवशी आलेल्या बीटेनमध्येच (शाम्पूतल्या सहायक फेसकारकात) नेहमीपेक्षा जास्त मीठ होते, त्यामुळे आम्ही ते टोक केव्हाच ओलांडले होते. घातलेले मीठ परत काढता येत नाही. शेवटी बिनमिठाची नवी बॅच करून तिच्यात ती थोडी थोडी जिरवावी लागली, आणि त्यात माझ्या दोन रात्री गेल्या.

तुमच्याच शाम्पूचे बिनमिठाचे नमुने पाच बीकरांत घ्या, त्यांत 1, 1.5, 2, 2.5 आणि 3 टक्के मीठ घाला, सर्व 25 अंशांना आणून व्हिस्कोमीटरवर दाटपणा मोजा आणि आलेख काढा. बीटेनचा पुरवठादार बदलला की पुन्हा काढा. असे दोन-तीन आलेख तारखेसह वहीत जमले की ती वही घेऊन व्यवस्थापकांना भेटा.