स्टुटगार्टचे ६० हजार युरो आणि ऐरोलीचे १८ लाख

कासारवडवलीहून एका वाचकाचा प्रश्न आहे. वय ३४, ऐरोलीत गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतात, पॅकेज १८ लाख. पत्नी कळव्याच्या शाळेत शिक्षिका, पगार ३५ हजार. मुलगी चार वर्षांची. फ्लॅटचा हप्ता ४८ हजार. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या एका कंपनीने वर्षाला ६० हजार युरो देऊ केलेत. "१८ लाखांचे थेट ६० लाख होतायत, मग फ्लॅट विकून जाऊ का?"

जा, असंच मी सांगेन. पण फ्लॅट विकू नका, आणि ६० लाखांचा आकडा आधी डोक्यातून काढा. हे पैसे तुम्ही युरोत मिळवणार आणि बहुतेक युरोतच खर्च करणार. रुपयांत गुणायची फक्त महिनाअखेरची शिल्लक.

ती काढू. सोयीसाठी एका युरोला १०० रुपये धरतो. १८ लाखांच्या पॅकेजमधून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि नव्या रिजीमचा कर वजा जाता तुमच्या हातात महिना साधारण १ लाख १८ हजार येतात. पत्नीचे धरून १ लाख ५३ हजार. हप्ता ४८, घरखर्च ६५ आणि आईवडिलांना १५ हजार हे तुम्हीच लिहिलंय. उरतात २५ हजार. पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून १८ हजार जातात, म्हणजे एकूण ४३.

तिकडे पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विमा मिळून पगारातला एक पंचमांशाहून जास्त भाग जातो, कर वेगळा. कुटुंब सोबत असेल तर तिसऱ्या कर वर्गात (विवाहितांसाठीचा, कमी कर कापणारा वर्ग) हाती सुमारे ३,५०० युरो येतील. पत्नी भारतात राहिली तर हा वर्ग मिळत नाही. पहिले काही महिने एकटे गेलात, तर ३,१०० च्या आसपास धरा. मुलीसाठी सरकारकडून अडीचशेहून थोडे जास्त युरो मिळतील. स्टुटगार्ट जर्मनीतल्या महागड्या शहरांपैकी आहे, म्हणून हीटिंगसकट भाडं १,५०० आणि बाकी खर्च १,३०० धरलाय. शिल्लक सुमारे ९५ हजार रुपये. आता ठाण्याचा हप्ता: भाडं २८ हजार येईल म्हणता, तर २० हजार पदरचे घालावे लागतील. आईवडिलांचे १५ हजार चालूच. हातात राहिले ६० हजार.

४३ विरुद्ध ६०. फरक महिन्याला १७ हजारांचा. तिकडे पेन्शनमध्येही पैसे जमतात, पण ते म्हातारपणी मिळणार, आणि निदान ६० महिन्यांची भरणी हवी. भारत आणि जर्मनीत २०१७ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, त्यामुळे पात्रता मोजताना दोन्हीकडचा काळ एकत्र धरता येतो.

मग जा का म्हणतो? तासांसाठी. तुमच्या पत्रात सगळ्यात बोलकी ओळ पगाराची नव्हती. "सकाळी आठला निघतो, रात्री नऊला घरी, त्यानंतर कधीकधी कॉल," असं तुम्ही लिहिलंय. महिन्यातून दोन शनिवार, शिवाय न घेतलेल्या रजा. मी हिशोब मांडला तर वर्षाला साधारण २,५०० तास काम, आणि घोडबंदर रोडवर अडकत, कळवा-विटाव्याहून ऐरोली गाठण्यात आणखी ६००. स्टुटगार्टच्या ऑफरमध्ये आठवड्याला ४० तास आणि ३० दिवस रजा आहे. सणांच्या सुट्ट्या काढल्या की १,७६० तास. रोज एक तास प्रवास धरला तरी दोन हजारांच्या आत. वर्षाला ११०० तास मोकळे होतात. पगाराच्या कुठल्याही रकान्यात ते दिसत नाहीत, आणि मुलगी चार वर्षांची आहे.

प्रवास सोडून कामाच्या एका तासाला हाती काय येतं तेही पाहा. इथे सुमारे ५६५ रुपये, तिथे जवळपास २४ युरो. पण वस्तू आणि सेवांचे भाव दोन्हीकडे सारखे नाहीत. ठाण्यात लिटरभर दुधासाठी तुम्हाला सात-आठ मिनिटं राबावं लागतं, तिथे तीनेक मिनिटं. भांडी-लादीच्या मावशींचे महिन्याचे साडेतीन हजार म्हणजे इथे तुमची सहा तासांची कमाई. तिथे किमान वेतनच तासाला १३.९० युरो आहे, त्यामुळे कोणाला तासभर बोलावलं तर तुमच्या अर्ध्या तासाहून जास्त कमाई जाईल. इस्त्रीवाला, डबा, पोळीवाल्या काकू हे सगळं घरातल्या दोघांवर येईल. ११०० पैकी तीनेकशे तास या घरकामात जातील हे आधीच मान्य करा.

कायद्याचाही फरक आहे. जर्मनीत कामाचा दिवस आठ तासांचा, पुढे सरासरी सांभाळून दहापर्यंत वाढवता येतो, आणि दोन दिवसांच्या कामामध्ये अकरा तासांची विश्रांती सक्तीची आहे. आपल्याकडे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते दहापर्यंत वाढवायला मंजुरी दिली.

माझी खरी काळजी पत्नीची आहे. पत्रात तिच्याबद्दल "ती तयार आहे" एवढी एकच ओळ आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, गेलात तर तिला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, पण शिक्षिका म्हणून उभं राहायला उत्तम जर्मन आणि पदवीची मान्यता लागते. त्यात वर्षं जातात. ३५ हजार जाण्याची भरपाई माझ्या आकड्यांत झाली आहे, तिचं काम जाण्याची नाही. तिने जर्मनचा क्लास इथेच, आत्ताच सुरू करावा. तुम्हीही करा. ब्लू कार्डवर कायमचं वास्तव्य २७ महिन्यांनी मिळतं, बी-१, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनीच.

निघण्याआधी सहा हप्ते, म्हणजे २ लाख ८८ हजार, वेगळे काढून ठेवा. तिथला परीक्षणाचा काळ सहा महिन्यांचा असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. फ्लॅट हातात असेल तर परतायला घर राहतं. अनिवासी झाल्यावर बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्या. भाडेकरूला तुमच्या भाड्यातून सुमारे ३१ टक्के टीडीएस कापावा लागेल. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरून तो परत मागता येतो. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत भरता येईल, मुदतवाढ मिळणार नाही.

सही करण्याआधी करारात ओव्हरटाइमचं कलम शोधा. जादा तास पगारातच धरले आहेत असा मोघम मजकूर असेल, तर महिन्याला किती तास, हे आकड्यात लिहून मागा.