दुष्काळ सगळ्यांना सारखाच असतो, मग पर्यावरणाच्या चर्चेत जात, वर्ग, बाई-पुरुष कशाला आणायचं?

सारखाच? तुम्ही चारा छावणी आतून बघितलीय की बाहेरून, एवढं आधी सांगा.

मी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातली. आम्ही दलित, घराला जमीन नाही. २०१२-१३च्या दुष्काळात मी दहावीला होते. वडील ऊसतोडीला गेलेले आणि घर चालत होतं आईच्या सहा शेळ्यांवर. छावणी सुरू झाली. दावणीला गाई, म्हशी, बैल. रोजचा चारा, पाणी. शेळ्या घेत नव्हते. आई सकाळपासून दुपारपर्यंत शेळ्या घेऊन तिथं उभी राहिली. "शेळी काय, कुठं बी चरतीय," एवढंच उत्तर मिळालं. कुठं चरणार? आमच्या मालकीचा बांधसुद्धा नाही. दुसऱ्याच्या बांधावरच्या बाभळीची फांदी मोडली म्हणून आईला जातीवरून शिव्या खाव्या लागल्या, मी शेजारी उभी होते. शेवटी शनिवारच्या बाजारात चार शेळ्या काढल्या. सगळेच विकायला आलेले, भाव कुठला मिळणार!

गाय घरधन्याची, शेळी बाईची. छावणीत कोण जाणार, हे तिथंच ठरतं.

पुढं २०१६ मध्ये सांगलीला कॉलेजात पर्यावरणाच्या तासाला सरांनी मिरजेहून लातूरला गेलेल्या पाण्याच्या रेल्वेचं कौतुक केलं आणि लगेच म्हणाले, शेळ्यांनी आपले डोंगर बोडके केले. मी गप्प बसले. ते अजून सलतं. राज्यातल्या सिंचनाच्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी एकटा ऊस पितो, पेरणीखालच्या जमिनीत त्याचा वाटा अगदी थोडा. त्यावर त्या तासाला एक शब्द नाही! उसाला जमीन लागते, विहीर लागते, मोटार लागते. ज्यांच्याकडं हे असतं त्यांच्या पिकाला कुणी पर्यावरणाचा शत्रू म्हणत नाही.

आमच्याच आटपाडीत १९९३ पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी पाणी परिषदा भरल्या. समान पाणीवाटपाच्या चळवळीनं तर जमीन नसलेल्यालाही पाण्याचा वाटा मागितला. वाटा असता तर आईनं कुणाचं तरी रान वाट्यानं घेऊन शेळ्यांसाठी चाऱ्याचा घास लावला असता. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडं असलेलं उत्तर एवढंच.

शेळ्या कोवळी रोपं खातात, हे खरंय. एकरभर ऊसवाला काही चोर नाही, छावणीत चारा म्हणून आलेलं वाडं, म्हणजे शेंडे, तेही उसाचंच होतं. पण गावात झाडं लावायला चराईबंदीचा ठराव आला, तर ग्रामसभेत शेळ्या राखणाऱ्या बायकांना पुढं बसवा आणि चारा कुठून मिळणार हे ठरावात आधी लिहून घ्या. लिहिल्याशिवाय हात वर करू नका.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते. आईनं शेळ्या विकल्या त्या वर्षी आमच्या डोंगरावर शेळीनं खावं असं काही उरलंच नव्हतं.