गिरणीचा नकाशा सापडलाय, पण जमीन कुणाची?

प्रश्न : आजोबा लोअर परळच्या गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. चाळीतली खोली रिकामी करताना ट्रंकेत एक मोठा निळा कागद निघाला, त्यावर पांढऱ्या रेषांनी गिरणीच्या शेडचा नकाशा आहे आणि कोपऱ्यात इंग्रजीत कसलातरी सर्व्हे नंबर. ही जागा मूळ कुणाची होती ते कुठे कळेल? एक एजंट म्हणतोय, या नकाशावर म्हाडाचं घर मिळतं, लॅमिनेट करून माझ्याकडे द्या. खरं आहे का?
– एक वाचक, करी रोड

उत्तर : आधी एजंटचं बघू. त्याला ना नकाशा द्या ना पैसे. गिरणी कामगाराच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर माणूस गिरणीच्या पटावर होता का ते बघतात, त्याला तिकीट नंबर, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, सर्व्हिस सर्टिफिकेट असले कागद लागतात. शेडचा नकाशा तिथे कुणी उघडूनही बघणार नाही. त्यापेक्षा ट्रंक परत एकदा तळापर्यंत उपसा.

आता जमीन. मुंबई शहरात सातबारा नसतो हो, इथे प्रॉपर्टी कार्ड आणि सी.एस. म्हणजे कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबर, तोही डिव्हिजनसकट, म्हणजे लोअर परळ डिव्हिजन, वरळी डिव्हिजन असा. तुमच्या नकाशावरचा नंबर मात्र लॉटनचा असू शकतो. कर्नल लॉटनने १८६५ ते १८७२मध्ये अख्ख्या मुंबईची मोजणी केली, ते आकडे पुढे कितीतरी वर्षं कागदांवर चालले. जुनं खरेदीखत मिळालं तर शेवटच्या शेड्यूलमध्ये ओल्ड नंबर, न्यू नंबर, ओल्ड सर्व्हे नंबर, न्यू सर्व्हे नंबर, लॉटन्स सर्व्हे नंबर, कॅडेस्ट्रल सर्व्हे नंबर अशी लांबलचक माळ असते, वाचताना डोकं फिरतं पण तीच खरी किल्ली, जुन्या नंबरावरून आजचा नंबर तिथेच जुळतो. खरेदीखतात क्षेत्र चौरस वारात असतं आणि कार्डावर चौरस मीटरमध्ये (१ चौरस वार म्हणजे साधारण ०.८४ चौरस मीटर), तेव्हा आकडा कमी दिसला म्हणून जमीन कुणी खाल्ली असं समजू नका.

सी.एस. नंबर हातात आला की ओल्ड कस्टम हाउसला, शहर कलेक्टरच्या ऑफिसात चौकशी करा. कार्डावर नावाच्या आधी टेन्युअर, म्हणजे जमीन कुठल्या हक्काने धरलेली आहे, ते वाचा. फोरास, टोका, पेन्शन अँड टॅक्स, लीज असं काहीतरी लिहिलेलं असतं. लीज असेल तर गिरणी कंपनीची आणि जमीन भलत्याचीच, असं सर्रास असायचं. आणि गिरणी एनटीसीकडे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली असेल तर १९७४ किंवा १९९५च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याची नोंद शोधा. त्याहून मागे जायचं तर फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर आहे, पण तिथे नंबर आणि साल घेऊन जा, नुसतं गिरणीचं नाव सांगून दिवस फुकट जाईल.

थोडक्यात नकाशावरून मालक कळत नाही, तिथे काय उभं होतं तेवढंच कळतं. पण गिरणगावात त्यालाच सोन्याचा भाव आला होता बरं का. १९९१च्या डीसी रूल (विकास नियंत्रण नियम) ५८प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची झाली, बांधकामाखालची जमीन हिशोबातून बाहेर. सुप्रीम कोर्टाने २००६मध्ये ते कायम केलं. म्हणजे शेड किती जागेवर पसरलेली होती यावर मैदानाला आणि कामगारांच्या घरांना किती उरणार ते ठरलं, आणि शेडनीच बहुतेक जागा व्यापलेली, मग उरणार काय कप्पाळ!

तुमच्या कागदावर उत्तरेचा बाण फाटलेला असला तरी दिशा कळेल. शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं काढलेलं असेल, त्यातली काचेची उभी बाजू बहुतेक उत्तरेकडे, कारण साच्यांवर उजेड हवा पण ऊन नको. बाजूला मोठा चौकोन आणि त्यावर टँक लिहिलेलं असेल तर तो गिरणीचा तलाव, बॉयलर-इंजिनाच्या पाण्यासाठीचा.

लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको. निळ्यावर पांढऱ्या रेषा म्हणजे अस्सल ब्लूप्रिंट, ती उजेडात फिकी पडते. फ्रेम करून भिंतीवर लावू नका, घडी उलगडून अंधारात सपाट ठेवा. त्याआधी मोबाईलवर नीट फोटो काढा, नंबराच्या कोपऱ्याचा वेगळा, आणि ऑफिसात तोच दाखवा.